खेळाडूला गुण देताना

दवाखान्यात ताप-खोकल्याचे रुग्ण येतात, तसे कधी कधी नुसता प्रश्न घेऊन येणारेही येतात. मागे एकदा एक क्रीडाशिक्षक आले. त्यांच्या शाळेच्या बास्केटबॉल संघाचा सामना नुकताच झाला होता. हातात वही होती. म्हणाले, "डॉक्टर, सामना संपला की त्याच संध्याकाळी मी प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतो. आपण कुठे कमी पडलो ते मुलांना कळावं एवढाच हेतू. पण या वेळी एक पालक रागावले. दहापैकी तीन मिळाले म्हणून मुलगा रात्री जेवला नाही म्हणे. आता तुम्हीच सांगा, गुण द्यावेत की नाही?"

मी म्हटले, "सर, जरूर द्या. पण आधी ती वही मला बघू द्या."

आरोग्याच्या सदरात बास्केटबॉल कशाला, असे वाचकांना वाटेल. गंमत अशी की हा खेळ ज्यांनी शोधून काढला ते जेम्स नेस्मिथ पुढे डॉक्टरच झाले. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे व्यायाम शिकवत असताना त्यांनी दहा फूट उंचीवर पीच फळाच्या दोन टोपल्या टांगल्या आणि खेळ सुरू झाला. १८९८ साली त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. तेव्हा मैदान आणि दवाखाना यांचे नाते जुने आहे. सरांची वही चाळताना मला मात्र दुसरीच एक वही आठवली, आणि माझ्या हातून झालेली एक चूक.

एक जुनी वही

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या डहाणू-तलासरीत कबड्डी, खो-खो घरचेच खेळ. बास्केटबॉलची मैदाने मोजकी. अशाच एका मैदानावर मुलींचा आंतरशालेय सामना होता. प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी कडेला बसलो होतो. ऑक्टोबरचे ऊन आणि खाडीकडून येणारी दमट हवा. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची दहावीतली मुलगी पहिल्या सत्रात वाऱ्यासारखी पळत होती. तिसऱ्या सत्रात ती कमरेवर हात ठेवून उभी राहू लागली. चौथ्या सत्रात चेंडू तिच्या हातून सुटू लागला. सामना हातचा गेला. त्यांच्या सरांनी वहीत लिहिले, "गुण ३. आळशी. शेवटी अंग काढून घेते." वही त्यांनी माझ्यापुढे धरली आणि मीही मान डोलावली. मी तिथे डॉक्टर म्हणून बसलो होतो, पण सामना मात्र प्रेक्षक म्हणून पाहिला.

तीन आठवड्यांनी रात्रीच्या वेळी तिचे वडील तिला माझ्याकडे घेऊन आले. हातपाय आणि पाठ असह्य दुखत होती, अंगात ताप होता, डोळे पिवळसर होते. हिमोग्लोबिन ७.४ भरले. सिकलसेलची प्राथमिक चाचणी होकारार्थी आली. शासकीय रुग्णालयात पुढची तपासणी झाली आणि अहवालात 'एसएस' असे लिहून आले. म्हणजे सिकलसेल आजार.

मी त्या सरांकडून वही मागवून घेतली. आधीच्या तीन सामन्यांची पानेही तेच सांगत होती. पहिले सत्र उत्तम, दुसरे बरे, तिसरे रिकामे, चौथ्यात चुकाच चुका. आळस असा घड्याळ लावून येत नाही. आजार वहीत लिहिलेलाच होता, वाचणारा कोणी नव्हता. आणि तो वाचण्याचे शिक्षण त्या मैदानावर फक्त माझे झाले होते!

गुण कसे काढावेत?

नुसत्या डोळ्यांनी गुण दिले की रागलोभ त्यात येतातच. म्हणून आधी मोजावे. बास्केटबॉलमध्ये सोपा हिशेब असा: खेळाडूने केलेले गुण, घेतलेले रिबाऊंड, बास्केट होईल असे दिलेले पास, हिसकावलेले आणि अडवलेले चेंडू यांची बेरीज करा. त्यातून हुकलेले फटके, हुकलेले फ्री थ्रो आणि गमावलेले चेंडू वजा करा.

त्या मुलीच्या एका सामन्याचा हिशेब पाहा. १० गुण, ५ रिबाऊंड, २ पास आणि १ हिसकावलेला चेंडू, एकूण १८. हुकलेले फटके ७, हुकलेला फ्री थ्रो १, गमावलेले चेंडू ४, एकूण १२. शिल्लक ६. हा आकडा वाईट नाही, पण त्यातून काही कळतही नाही. तोच हिशेब सत्रवार मांडला की पहिल्या सत्रात ७, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात शून्य आणि चौथ्यात उणे ४ असा दिसतो. बेरीज तीच ६, पण आता उतार दिसू लागला.

म्हणून माझी पहिली सूचना: गुण सत्रवार लिहा. दुसरी सूचना: शेजारी चार रकाने आरोग्याचे आखा. सामन्याआधी काय व किती वाजता खाल्ले, पाणी किती प्यायले, रात्री झोप किती झाली आणि कुठे दुखते आहे. शाळेत वजनकाटा असेल तर सामन्याआधी आणि नंतरचे वजनही लिहा. एक किलो वजन घटले म्हणजे अंगातले जवळजवळ एक लिटर पाणी घामावाटे गेले. ४० किलोच्या मुलाचे वजन पाऊण-एक किलोने घटले तर दम आणि लक्ष दोन्ही कमी होते. तिथे उपदेश करून काय होणार? त्याला पाणी हवे असते.

उतार दिसला तर काय समजावे?

एखाद्याच सामन्यात उतार दिसला तर बहुधा रिकामे पोट, अपुरी झोप किंवा पाण्याची कमतरता असते. पहाटे पाड्यावरून निघालेले मूल दुपारी मैदानात उतरते, तेव्हा पोटात कधी कधी फक्त कोरा चहा असतो. सामन्याआधी दोन-अडीच तास भाकरी, चवळी किंवा अंडे असे काही पोटात जावे. मध्यंतरात केळे किंवा शेंगदाणे-गूळ चालतो. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक विश्रांतीत द्यावे. फार घाम येत असेल तर जीवनरक्षक क्षारांची एक पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून द्यावी.

दोन-तीन सामने सलग तोच उतार दिसला तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. यात सर्वात आधी आठवावा तो रक्तक्षय. हिमोग्लोबिन स्नायूंना प्राणवायू पोचवते. ते कमी असले की पहिली दहा मिनिटे निभतात, पुढे निभत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. म्हणजे मुलींच्या पाचजणींच्या संघात तिघी! शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आणि जंताची गोळी मुलांनी खिशात न ठेवता समोर गिळावी. लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नये. लिंबू किंवा आवळा घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. धाप लागून छातीत घरघर होत असेल तर दमा, आणि धडधड किंवा छातीत दुखणे असेल तर हृदयविकार आहे का, हे तपासावे लागते.

सिकलसेल आणि खेळ

आपल्या भागात सिकलसेलचा विचार डॉक्टरांना आणि शिक्षकांना करावाच लागतो, कारण आदिवासी समाजात याचे प्रमाण लक्षणीय आहे. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे-सांधे ठणकतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी १०-२० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात. ताप, थंडी, अतिश्रम आणि पाणी कमी पडणे यांनी त्रास उसळतो.

येथे दोन शब्दांत फरक करायला हवा. 'एसएस' म्हणजे रुग्ण. 'एएस' म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो सर्वांसारखा खेळू शकतो, त्याला संघातून काढू नये. मात्र कडक उन्हात, सवय नसताना, विश्रांती न देता धावण्याच्या फेऱ्या मारायला लावल्या तर वाहकालाही क्वचित धोका होऊ शकतो. अमेरिकेत २००६ साली राइस विद्यापीठातील १९ वर्षांचा एक फुटबॉलपटू अशाच सरावानंतर दगावला. तो वाहक होता. पुढे २०१० पासून तेथील विद्यापीठांच्या वरच्या गटातील खेळाडूंसाठी ही तपासणी नियमात आली.

पेटका आणि हा धोका यांतला फरक प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवावा. पेटका आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि खेळाडू ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू हाताला मऊच लागतो, पण पायातले बळ गेल्यासारखे होऊन खेळाडू मटकन खाली बसतो. तो बोलत असतो, म्हणून लोकांना ते नाटक वाटते. अशा वेळी "ऊठ, पळ" म्हणू नका. खेळ थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या आणि लगेच रुग्णालय गाठा.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. बोटातून थेंबभर रक्त दिले की काम होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. ही तपासणी पुढे लग्नाच्या वेळीही उपयोगी पडते, कारण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. अहवाल मात्र मैदानात मोठ्याने वाचू नये. ते त्या मुलाचे आणि त्याच्या घरच्यांचे खासगी आहे. आणखी एक: सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

गुण सांगावेत कसे?

हरल्याबरोबर, घाम पुसायच्या आत, सगळ्यांदेखत गुण वाचू नका. रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी आधी मुलालाच स्वतःचे गुण विचारा. मुले स्वतःला बहुधा आपल्यापेक्षा कमीच देतात. मग दोन चांगल्या गोष्टी सांगा आणि सुधारायची एकच. गुण खेळाला द्या, मुलाला नको. 'चौथ्या सत्रात चार चेंडू गेले' हे लिहिणे म्हणजे नोंद झाली. 'आळशी' हे लिहिणे म्हणजे निकाल, आणि तो तपासणीआधीच लागलेला.

आपल्या डहाणू तालुक्याला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. कुरणातच शाळा भरवली. मूल मागे पडले तर आधी त्याच्या परिस्थितीकडे पाहावे, हा धडा या मातीतलाच आहे. तो मी एका मुलीच्या वहीतून उशिरा शिकलो.

त्या मुलीचे उपचार नियमित सुरू झाले. पाणी, फॉलिक आम्लाची गोळी, रुग्णालयाने दिलेली औषधे आणि थंडी-तापाच्या दिवसांत विशेष काळजी. दुखण्याचे झटके बरेच कमी झाले. रुग्णालयातील डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थोडा थोडा वेळ, मध्ये विश्रांती घेत खेळत राहिली. त्यांच्या सरांनी वहीतला 'आळशी' हा शब्द माझ्यासमोर खोडला. मी मान डोलावली होती ते मात्र खोडता आले नाही.

म्हणून क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती: मुलाचे गुण सामन्यागणिक एकाच ठिकाणी घसरत असतील तर रागावण्याआधी त्याला तपासून घ्या.

लक्षात ठेवा: खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, अचानक पायातले बळ जाणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही झाल्यास त्या दिवशी खेळ बंद आणि तपासणी आधी.

(पुढील आठवड्यात: घोटा मुरगळला तर काय करावे, काय करू नये)