चिलिका : पाण्याचा खारेपणा आणि मत्स्यजीवन

ओडिशातील चिलिका हे उथळ, मचूळ पाण्याचे सरोवर १९८१ मध्ये रामसर स्थळ ठरले. पुढे नद्यांच्या गाळाने सागरमुख आक्रसले व भरतीचे पाणी आत येणे घटले. परिणामी खारेपणा कमी झाला, गोड्या पाण्यातील वनस्पती फोफावल्या आणि समुद्रातून येणाऱ्या मासे-कोळंबीच्या पिलांचा मार्ग खुंटला. १९९३ मध्ये चिलिकाची गणना धोक्यातील पाणथळींत झाली. चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खुले केले. १९९९-२००० मधील सुमारे १,७०० टन मत्स्योत्पादन २००१-०२ मध्ये ११,००० टनांवर गेले. २००२ मध्ये चिलिका धोक्याच्या यादीतून वगळले गेले. मचूळ सरोवरातील मच्छीमारांची उपजीविका पाण्याच्या स्वच्छतेइतकीच त्याच्या समुद्रसंपर्कावर अवलंबून असते, हे यातून स्पष्ट होते.