‘सॉरी’ : शब्द आणि अर्थ

मुलांनो, मधल्या सुटीत एकाचा धक्का लागतो आणि दुसऱ्याच्या वहीवर पाणी सांडते. पहिला चटकन ‘सॉरी’ म्हणतो आणि खेळावयास पळतो. हा इंग्रजी शब्द आता आपल्या बोलण्यातही रुळला आहे. पण त्याचा अर्थ आपण पुरता जाणतो काय?

जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे जखम किंवा वेदना. त्यापासून ‘दुःखित’ या अर्थाचे जे विशेषण झाले, त्याचेच आजचे रूप ‘सॉरी’. म्हणजे हा शब्द मुळात क्षमायाचनेचा नव्हे, मनाच्या व्यथेचा आहे.

एवढे ध्यानी धरले, म्हणजे त्याचे निरनिराळे उपयोग सहज उलगडतात. चूक घडली असता ‘आय ॲम सॉरी’ म्हणतात. तुम्हांला झालेल्या त्रासाने मी व्यथित आहे, हा त्याचा आशय. कोणाच्या घरी मृत्यू झाल्याचे कळले, तरी हेच शब्द उच्चारतात. तेथे बोलणाऱ्याचा अपराध काहीच नसतो. म्हणून मराठीत ‘क्षमा करा’ न म्हणता ‘ऐकून फार वाईट वाटले’ असे म्हणावे. स्वर चढवून नुसते ‘सॉरी?’ म्हटले, तर ‘काय म्हणालात?’ असा अर्थ होतो. नामापूर्वी आला असता मात्र तो ‘केविलवाणा’ या अर्थी येतो; ‘सॉरी स्टेट’ म्हणजे दुर्दशा.

मी शिक्षक असताना एका मुलाला, गृहपाठाची वही दिली नाही म्हणून, वर्गात सर्वांदेखत रागावलो. दुसऱ्या दिवशी ती वही माझ्याच मेजावरील गठ्ठ्यात सापडली. मी त्याला एकट्याला बोलावून ‘सॉरी’ म्हटले. ‘‘असू द्या, गुरुजी,’’ तो म्हणाला. पण त्याची मान खालीच होती. तेव्हा मला उमगले : बोल लावला चारचौघांत आणि क्षमा मागितली एकांतात! मी वर्गात गेलो व म्हणालो, ‘‘याने वही वेळेवर दिली होती. चूक माझी होती.’’ मग कोठे त्याने मान वर केली.

तेव्हा मुलांनो, ‘सॉरी’ अवश्य म्हणा. पण पळू नका. आधी ती वही पुसावयास हात लावा.

स्वाध्याय
१. ‘सॉरी’ या शब्दाचे चार उपयोग सांगा.
२. गुरुजींनी एकांतात क्षमा मागूनही मुलाची मान खालीच का राहिली?
३. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : बोल लावणे, ध्यानी धरणे.