बुवांचा आवाज का बसला?

आमच्या आळीत एक भजनीबुवा राहतात. वय साठीच्या पुढे. कार्तिकातला पहाटेचा काकडा तेच म्हणतात.

२०२३ च्या पावसाळ्यात बुवांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. थोड्या दिवसांनी त्यांना ढास लागली. कफ नाही, ताप नाही. नुसता कोरडा खोकला. रात्री तर फारच. काकडा महिन्यावर आला आणि बुवांचा आवाज पार बसला.

"गुरुजी, ही गोळीच माझा गळा खातेय," बुवा म्हणाले.

लोक हसले. आम्हीही हसलो. गोळी रक्तदाबाची, तिचा गळ्याशी काय संबंध? पण चूक आमचीच होती.

बुवांनी मात्र एक वाईट केले. कुणाला न विचारता गोळी सोडली. दहा दिवसांनी डोके गरगरू लागले. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. रक्तदाब मोजला. वरचा आकडा १९०, खालचा ११०! १४० आणि ९० झाला तरी तो जास्तच धरतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुवा, तुमचा संशय खरा आहे. पण गोळी सोडलीत कशाला? अर्धांगवायू झाला असता म्हणजे?"

मग त्यांनी नीट समजावले. एनालॅप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल या एका जातीच्या गोळ्या. त्या रक्तवाहिन्या सैल करतात. त्यामुळे रक्तदाब उतरतो. पण काही लोकांच्या शरीरात त्यांच्यामुळे एक द्रव्य साठते आणि घशात खवखव सुटते. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी खोकला येतो, कधी काही महिन्यांनीही येतो. म्हणून गोळीवर संशय जात नाही.

आता आवाज का बसतो? आपल्या कंठात दोन नाजूक पडद्या असतात. त्या थरथरल्या की आवाज निघतो. खोकताना त्या एकमेकींवर आपटतात. फार टाळ्या वाजवल्या की हात लाल होतात ना, तसेच. पडद्या सुजल्या की आवाज घोगरा होतो.

पाकिटावर कंपनीने ठेवलेले नाव निराळे असते. औषधाचे मूळ नाव शोधा. शेवटी 'प्रिल' आहे का, ते पाहा. नाव इंग्रजीत असेल तर नातवाकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?

बाईंनी बुवांना दुसऱ्या जातीची गोळी दिली. तिचे नाव लोसार्टान. तिने असा खोकला सहसा येत नाही.

एक गोष्ट मात्र फार जपायची. याच 'प्रिल' गोळीने क्वचित ओठ, जीभ, घसा एकाएकी सुजतो. आवाज बदलतो, श्वास कोंडतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा. ती गोळी पुन्हा घेऊ नका. डॉक्टरांना तसे सांगा.

आणि प्रत्येक बसलेला आवाज गोळीचाच नसतो. तंबाखू, विडी यांनी कंठात गाठ होते. तीन आठवडे आवाज सुधारला नाही तर घसा तपासून घ्यावा. बुवांचाही तपासला. गाठ नव्हती.

त्या साली काकड्याचे पहिले आठ दिवस बुवांच्या पुतण्याने चालवले. नवव्या पहाटे बुवा स्वतः उभे राहिले. वरच्या सुराला आवाज अजून चिरकत होता.