वेल्डिंगलाही फिजिक्स लागतं

दहावीचा निकाल लागला की बेंगळुरूतल्या मराठी घरांतून तेच प्रश्न येतात. पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायॉलॉजीचं पीसीएमबी घ्यायचं की कॉम्प्युटरचं पीसीएमसी? जेईईची तयारी कॉलेजातच करून घेतात ते बरं ना? मुलाला गणिताची खरी ओढ असेल तर खुशाल घ्या. नसेल तर दोन वर्षांची फी जाते आणि मुलाची झोपही. कॉमर्स, डिझाइनबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत.

मला बोलायचंय ते घरातला मिक्सर खोलून बसणाऱ्या आणि केमिस्ट्रीत जेमतेम पास होणाऱ्या मुलाबद्दल. त्याच्यासाठी व्होकेशनलचं नाव काढलं की आईबाबा म्हणतात, "म्हणजे सायन्स सुटलंच की!"

सुटतं कसं? आर्क वेल्डिंग घ्या. मशीन व्होल्टेज उतरवून करंट का वाढवतं, हे फिजिक्स. रॉडवरचा फ्लक्स वितळलेल्या पोलादाला हवेपासून कसा वाचवतो, ही केमिस्ट्री. काचेविना ठिणगीकडे पाहिलं तर रात्री डोळे का चुरचुरतात आणि जीआय पाइपच्या धुराने ताप का भरतो, हे जीवशास्त्र. एका सांध्यात तिन्ही विषय आले, तेही हाताला चटका बसेल इतक्या जवळून.

हे काही माझं स्वप्नरंजन नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशी चार प्रकारची कामं प्रत्येक मुलाने करायची आणि विज्ञान त्या कामातून शिकायचं. तिथल्या मुली मातीही तपासतात आणि मुलगे हिमोग्लोबिनही. पुढे हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये गेला. बेंगळुरूसारख्या कारखान्यांच्या शहरात तो घराघरांत माहीत असायला हवा होता. पण इथे अजून रँकचेच फलक लागतात.

जिथे व्होकेशनल आहे अशा बऱ्याच शाळांतही वर्कशॉपचे सर आणि विज्ञानाच्या बाई एकमेकांशी बोलतही नाहीत. सीबीएसईत विज्ञानात नापास झाल्यास जादा घेतलेल्या कौशल्य विषयाचे गुण त्याजागी धरता येतात. त्यामुळे पालकही त्या विषयाकडे स्टेपनी म्हणून पाहतात. अशाने मूल ना धड विज्ञान शिकतं, ना हुन्नर.

दहावीनंतरचा एक रस्ता आपल्या लोकांना दिसतच नाही: राजाजीनगरचं जीटीटीसी. डेन्मार्कच्या मदतीने १९७२मध्ये उभं राहिलेलं हे सरकारी टूलरूम आणि प्रशिक्षण केंद्र. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष कारखान्यात. नंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मात्र तिथे गणित अंगावर येतं, म्हणून शाळेत व्होकेशनल घेतलं तरी दहावीपर्यंत गणित-विज्ञान सोडू नका.

आणि "लोक काय म्हणतील" हे मला विचारू नका. ते लोक तुमच्या मुलाची फी भरणार नाहीत. प्रवेशाआधी शाळेचं वर्कशॉप पाहायला मागा, कुठल्या यंत्रावर विज्ञानाचा कुठला धडा शिकवता ते विचारा. किल्ली शोधायलाच अर्धा तास लागला तर दुसरी शाळा बघा.