माशाला सुई मारतात, ती कोणाला आणि कशासाठी?

रिसोडच्या बाजारात रोहू-कटला घ्यायला गेले की कोणीतरी सांगतेच, "तळ्यातली मच्छी सुई मारलेली असते. पोरींना देऊ नका, लवकर वयात येतात." या भीतीपायी काही घरांत लेकीच्या ताटातली मच्छी बंद होते, म्हणून हा विषय घेतला.

सुई मारतात हे खरे आहे. पण ती अंडी घालणाऱ्या माशांना मारतात, आपण खातो त्यांना नाही. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे; पुराच्या पाण्यात अंडी घालतात. तळ्यात मादीच्या पोटात अंडी पिकतात, पण बाहेर येत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली. आज बाजारातल्या बहुतेक रोहू-कटल्याचे बीज याच पद्धतीने तयार होते.

हार्मोन रक्तातून सगळ्या अंगात फिरते, पण काम करते फक्त जिथे त्याचा रिसेप्टर असेल तिथे. हार्मोन ही किल्ली, तर रिसेप्टर हे पेशीवरचे किंवा पेशीतले कुलूप. पिट्युटरीच्या अर्कातील हार्मोनची कुलपे माशाच्या अंडाशयात आणि नराच्या वृषणात असतात. प्रोलॅक्टिनची कुलपे कल्ल्यांत आणि मूत्रपिंडात असतात. गोड्या पाण्यात अंगातले मीठ टिकते ते त्यांच्यामुळे.

आता वापरतात त्या तयार औषधात डोम्पेरिडोनही असते. होय, उलटीवर आपण घेतो तेच. माशाच्या पिट्युटरीत डोपामिनचे रिसेप्टर अंडी सोडण्याला ब्रेक लावून असतात. डोम्पेरिडोन तिथे बसते आणि ब्रेक सुटतो. आपल्या पिट्युटरीतही हेच कुलूप आहे. म्हणून ही गोळी घेणाऱ्या काही बायांच्या स्तनांतून दूध येते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ती घेत राहू नये.

सुई मारलेली एक मादी किलोमागे लाखांवर अंडी देते. त्यातून निघालेले पिल्लू वाढून बाजारात यायला बरेच महिने लागतात. त्याला सुई लागलेलीच नसते. शिवाय टोचलेले हार्मोन प्रथिनाच्या जातीचे. ते पोटात गेले तरी इतर प्रथिनांसारखे पचते. तेव्हा लेकीच्या ताटात मच्छी वाढा, तिला प्रथिने लागतातच. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर मात्र मच्छीला दोष देत न बसता मुलीला डॉक्टरांकडे न्या.

खरी काळजी आम्हाला दुसऱ्याच कुलपाची वाटते. माशाच्या यकृतात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. मादीत ते उघडले की अंड्याचा बलक बनवणारे प्रथिन तयार होते. नरातही ते असतात, एरवी बंद राहतात. इंग्लंडमध्ये सांडपाणी सोडलेल्या नद्यांतल्या नर माशांतही हे प्रथिन सापडले. डीडीटीसारखी काही कीटकनाशकेही या कुलपात बसतात.

आपल्यातली कितीतरी माणसे सोयाबीन-कपाशीवर फवारणीला जातात. फवारणीचा पंप नाल्यात किंवा तलावावर धुऊ नका. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी घरी आणू नका. गटाराच्या नाल्यात धरलेली मच्छी, फुकट मिळाली तरी, घेऊ नका.