मुदत संपलेला पहारेकरी
संगणक मंदावण्याचे एक दुर्लक्षित कारण आणि त्यावरील उपाय

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढला, की माणसांप्रमाणे यंत्रेही थकतात, असे आपण गृहीत धरतो. परीक्षांचे निकाल आणि शाळा-महाविद्यालयांतील प्रवेश यांचा हंगाम याच सुमारास सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र यांसाठी पालक व विद्यार्थी ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांपुढे रांगा लावतात. नेमक्या अशा वेळी संगणक मंदावला, तर दोष उन्हाला किंवा यंत्राच्या वयाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण निराळेच असते. संगणकाच्या रक्षणासाठी बसविलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपलेली असते आणि तो तसाच राहून गेलेला असतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला आहे. तो हक्क आज बव्हंशी संगणकाच्या मार्गाने पूर्ण होतो. म्हणून संगणकाची निगा ही केवळ चालकाची खाजगी बाब राहिलेली नाही.

मंदपणा का येतो?

नव्या संगणकासोबत अनेकदा एखादा अँटिव्हायरस चाचणीपुरता विनामूल्य मिळतो. ही मुदत कधी महिनाभराची, तर कधी त्याहून अधिक असते. मुदत सरली तरी तो जागचा हलत नाही. संगणक सुरू होताच तोही सुरू होतो, मेमरीतील जागा अडवितो, उघडलेली फाइल विषाणूंच्या जुन्या यादीशी ताडून पाहतो आणि नूतनीकरणाच्या सूचना वरचेवर पडद्यावर आणतो. नवे विषाणू मात्र त्याला ओळखता येत नाहीत. भार कायम आणि रक्षण अपुरे, अशी ही स्थिती होय.

पुढची चूक याहून महागात पडते. जुना अँटिव्हायरस न काढताच दुसरा बसविला जातो. मग एकच फाइल दोघेही तपासू लागतात आणि एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. ४ जीबी मेमरी व जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असलेल्या संगणकाला हा बोजा पेलत नाही.

कारण कसे ओळखावे?

उष्णतेमुळेही संगणक मंदावतो, हे खरे आहे. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःची गती कमी करतो. परंतु असा मंदपणा बहुधा काही वेळ काम झाल्यावर येतो आणि त्या वेळी पंख्याचा आवाज वाढतो. अशा वेळी धूळ साफ करावी व हवा खेळती ठेवावी. सकाळी सुरू करतानाच संगणक रेंगाळत असेल आणि नूतनीकरणाच्या सूचना येत असतील, तर संशय अँटिव्हायरसवर घ्यावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली असता टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा अधिक वापर कोण करीत आहे, ते तेथे दिसते.

उपायाचा क्रम

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

२. अँटिव्हायरसचे नूतनीकरण करावयाचे की तो काढावयाचा, हे ठरवावे. नूतनीकरण करावयाचे असल्यास ते अधिकृत विक्रेत्याकडूनच करावे.

३. काढावयाचा असल्यास सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून तो अनइन्स्टॉल करावा आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. केवळ पडद्यावरील चिन्ह पुसून तो जात नाही. अवशेष राहिल्यास त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तो काढून टाकण्याचे साधन मिळते का, ते पाहावे.

४. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. दुसरा अँटिव्हायरस बसविला की तो बाजूस सरतो. म्हणून जुना काढल्यावर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

५. त्यानंतर अपडेट घ्यावे आणि कामाची वेळ संपल्यावर संपूर्ण तपासणी करावी.

शासकीय कार्यालयातील संगणकावर हे फेरबदल परस्पर करू नयेत; संबंधित तांत्रिक कर्मचाऱ्यांमार्फतच करवून घ्यावेत.

दोन मोह टाळावेत

वेग वाढावा म्हणून संरक्षण पूर्णपणे बंद ठेवणे, हा पहिला मोह. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका त्रुटीवरील दुरुस्ती उपलब्ध करून दिली होती. ती न घेतलेल्या असंख्य संगणकांना मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने गाठले आणि त्यांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. संगणक अद्ययावत ठेवण्यातील हयगय कशी भोवते, याचा हा धडा होता. विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे.

पैसे वाचविण्यासाठी चोरीची ‘क्रॅक’ प्रत बसविणे, हा दुसरा मोह. अशा प्रतीतूनच विषाणू आत शिरण्याचा धोका असतो. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असे सांगणाऱ्या चौकटीवरही विश्वास ठेवू नये. खर्चाची अडचण असल्यास केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर विषाणू शोधून काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी.

पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात संगणक दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस उभा केला. रक्षणाची साधने आपल्याच मातीत निर्माण होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु साधन कोणतेही असो, त्याची मुदत पाहण्याचे काम वापरणाऱ्याचेच आहे.

सेवा केंद्राच्या संगणकात शेतकऱ्याचा सातबारा, विद्यार्थ्याची गुणपत्रिका, वृद्धेच्या आधार कार्डाची प्रत असते. ही कागदपत्रे लोकांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेली असतात. संगणकावर एकच पहारेकरी असावा, पण तो जागा असावा. प्रत्येक केंद्रचालकाने अँटिव्हायरसच्या मुदतीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत नोंदवून ठेवली, तर ऐन हंगामात रांगेतल्या माणसाला ताटकळत उभे राहण्याची वेळ येणार नाही.