उरलेली खिचडी, मैलापाणी आणि वीज

कचऱ्याचा पाठ आला की ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात एवढं सांगून आपण पुढे सरकतो. मीही तेच करायचे. यंदा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, उरलेली खिचडी गटारात टाकली तर काय बिघडतं? पुढे ते पाणी साफ करतातच ना?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

शोधताना अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं ओकलंड सापडलं. तिथे 'ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट' या संस्थेचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. पूर्वी त्या भागात फळं-भाज्या डबाबंद करणारे कारखाने होते, त्यामुळे केंद्र मोठं बांधलेलं. कारखाने बंद पडले आणि टाक्यांमध्ये जागा उरली. मग हॉटेलांतलं उरलेलं अन्न, तेलकट गाळ, वाइन कारखान्यांचा चोथा टँकरने आणून त्याच टाक्यांत सोडायला सुरुवात झाली. २०१२ मध्ये हे केंद्र स्वतःला लागते त्याहून जास्त वीज तयार करू लागलं. उत्तर अमेरिकेत असं करणारं ते पहिलंच.

आतली क्रिया आपल्या गोबरगॅससारखीच. बंद टाकीत हवा नसते. काही जिवाणू अन्नाचं आम्ल करतात, दुसरे सूक्ष्मजीव त्या आम्लापासून मिथेन बनवतात. तो इंजिनात जाळून वीज मिळते आणि इंजिनाच्या उष्णतेवर टाकी कोमट ठेवतात. पण मैल्यासोबत अन्न कशाला? मुलांना मी असं सांगितलं: मैला म्हणजे आधीच खाल्लेलं अन्न, त्यातली बरीच ताकद शरीराने काढून घेतलेली. ताटात उरलेल्या भातात ती तशीच असते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेही अन्नातून मैलागाळाच्या तिपटीपर्यंत मिथेन मिळू शकतो असं म्हटलं आहे.

मग नुसतं अन्नच का नको, हा प्रश्न लगेच आला. (येणारच!) त्यासाठी दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतल्या. एकीत नुसता भात आणि पाणी, दुसरीत थोडा भात आणि शेणकाला. तोंडाला फुगे बांधले. भाताचा फुगा दोन दिवसांत टम्म फुगला, मुलं टाळ्या वाजवायला लागली, आणि मग तो जागेवरच थांबला. वास आंबूस. सातवीच्या वर्गातून निळा लिटमस आणला, तो लाल झाला. शेणाच्या बाटलीचा फुगा मात्र सावकाश, पण आठवडे फुगत राहिला. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मंद असतात आणि जास्त आम्ल त्यांना सोसत नाही. शेणात ते आधीपासून असतात, चालू टाकीतल्या मैलागाळातही असतात. प्रयोग करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पहिल्या दिवसांतला वायू बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, त्याला मिथेन म्हणू नका. फुगा मोकळ्या हवेत सोडा, जवळ काडी पेटवू नका.

आता त्या मुलीचा प्रश्न. ओकलंडला अन्न टँकरने थेट टाकीत जातं, गटारातून नाही. गटारात टाकलं तर तेल-तूप नळात थिजून चोक होतं, आणि केंद्रापर्यंत पोचलेलं बरंचसं अन्न पाण्यात विरघळलेलं असतं. ते साफ करायला पाण्यात हवा सोडावी लागते, म्हणजे उलट वीज खर्च होते.

आपल्याकडे नाशिकमध्ये २०१७ साली जर्मनीच्या 'जीआयझी' संस्थेच्या मदतीने हॉटेलांतलं अन्न आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पांना सगळ्यात त्रास होतो तो चमचे, पिशव्या, रबरबँड यांचा, कारण पंप त्यानेच अडतात. हे सांगितल्यावर आमच्या खरकट्याच्या बादलीतून मुलांनी स्वतःच दोन चमचे आणि लोणच्याची पाकिटं बाहेर काढली. खिचडी मात्र अजून उरते. कोणाला किती वाढायची यावर सध्या वाढणाऱ्या मावशींशी आमचं बोलणं चालू आहे.